गरोदरपणात त्वचेसाठी घरगुती तेलं, उटणी, लेप : काय चालतं, काय नाही?

केळफूल
नमस्कार मंडळी. सातवा महिना चालू आहे, पहिलीच वेळ. पोटाची कातडी ताणून कोरडी पडलीये, गालांवर वांग उठायला लागलेत आणि संध्याकाळ झाली की अंगाला खाज सुटते. बाजारातल्या क्रीमच्या मागची बारीक अक्षरं वाचून घाबरले, म्हणून घरीच काहीतरी करावं असं डोक्यात आहे.

सल्ल्यांना तोटा नाही. आई म्हणते खोबरेलात कापूर घालून चोळ. साबा (सासूबाई) म्हणतात मसुरीचं पीठ, साय, हळद. शेजारच्या काकूंचं लिंबू आणि मध. आणि मोबाईल उघडला की कुणीतरी 'पोटावर एकही व्रण येणार नाही' अशी शपथ घेऊन वाटीत काहीबाही ढवळत असतं. तुम्ही काय लावलंत? खरंच फरक पडला का? आणि काय अजिबात लावू नये?

गोदाकाठ
अभिनंदन गं! मी दोन्ही वेळेला फक्त घाण्याचं खोबरेल लावलं. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. पहिल्या वेळी एकही व्रण नाही, दुसऱ्या वेळी पोटावर नकाशा उमटला. तेल तेच, घाणा तोच, पोट तेच. त्यामुळे तेलाला श्रेय देऊ की नको, कळत नाही.

टवाळखोर
पोट तेच कसं असेल? मधल्या काळात वडापाव झाले असतील ना. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

गोदाकाठ
@टवाळखोर, दिवा घेतला, वातीसकट.

साधीसुधी डॉक्टर
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाला न तपासता औषध सांगत नाही, पण थोडं लिहिते.

पोटावरचे व्रण वरच्या कातडीत नसतात, त्याखालच्या थरात असतात. तिथले तंतू ताणामुळे आणि संप्रेरकांमुळे तुटतात. तेल तिथवर पोचून तंतू जोडत नाही. आईला व्रण आले असतील तर मुलीला येण्याची शक्यता जास्त, कमी वयात बाळंतपण असेल तर जास्त, वजन भराभर वाढलं तर जास्त. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१२ मध्ये ६ चाचण्या, मिळून ८०० बायका, असा आढावा घेतला होता. कुठलंही क्रीम किंवा तेल लावल्याने व्रण टळतात असं त्यात दिसलं नाही. गोदाकाठ यांचा अनुभव त्याला धरूनच आहे.

मग तेल लावू नये का? जरूर लावा. कोरडेपणा जातो, ओढल्यासारखं वाटतं ते कमी होतं, खाज उतरते. व्रण लाल-जांभळे असतात ते पुढे वर्षभरात आपोआप फिके, रुपेरी होतात. त्याचं श्रेय तेव्हा हातात जी बाटली असते तिला मिळतं.

केळफूल, एक विचारते. खाज नेमकी कुठे आहे? तळहात-तळपायांना आहे का? रात्री वाढते का? पुरळ दिसतं का?

अनवट
झालं, आले डॉक्टर आणि आजीबाईचा बटवा कचऱ्यात! आमच्या आजीने आठ बाळंतपणं केली, तिला कुठला कॉक्रेन माहीत होता? दुधावरची साय आणि डाळीचं पीठ. शेवटपर्यंत कातडी लोण्यासारखी होती तिची. निसर्गातलं आहे ते अपाय करत नाही एवढं साधं आहे.

निळीशाई
@अनवट, धोतरा निसर्गातलाच आहे. बिब्बाही. बिब्बा उतला की काय होतं ते तुमच्या आजींना नक्की माहीत असणार.

अनवट
बिब्बा कोण लावतंय पोटाला? काहीही.

सातवीण
आयुर्वेदाचं नाव निघण्याआधीच मी लिहून टाकते, कारण मी वैद्य आहे आणि दोन्हीकडून मार खायची सवय आहे.

चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात महिन्यांप्रमाणे गर्भिणीची काळजी सांगितली आहे. सातव्या महिन्यात नेमकी केळफूल म्हणतात तीच तक्रार येते : जळजळ, खाज आणि त्यातून पोटावर, स्तनांवर उमटणारे किक्किस, म्हणजे हेच व्रण. गंमत अशी की तिथे आधी लिहिलंय, बायका म्हणतात गर्भाला केस फुटतात म्हणून आईला जळजळ होते; आणि लगेच आत्रेय, म्हणजे त्या ग्रंथातले गुरू, सांगतात, तसं नाही, वाढता गर्भ दोषांना वर छातीकडे ढकलतो म्हणून होते. म्हणजे 'जावळ दाट असणार, म्हणून खाज सुटलीये' हे तेव्हाही लोक म्हणत होते आणि तेव्हाही कुणीतरी ते खोडत होतं.

उपायांत चंदन आणि कमळाच्या देठाचा लेप आहे, कडुनिंब-बोर-तुळस-मंजिष्ठेचा कल्क (वाटून केलेला गोळा) आहे, जाई आणि ज्येष्ठमधाच्या काढ्याने धुणं आहे. मला सगळ्यात आवडतं ते खाजेबद्दलचं वाक्य : खाजवू नये, कातडी फाटून विद्रूप होते, अगदीच सहन झालं नाही तर चोळावं.

पण पुस्तकात आहे म्हणून सगळं घरी करत बसू नका. त्याच यादीत कण्हेरीच्या पानांनी सिद्ध केलेलं तेल आहे. कण्हेर विषारी आहे, तिच्याशी स्वयंपाकघरात खेळायचं नाही. आणि हरणाचं नि सशाचं रक्त घातलेला त्रिफळाही आहे.

टवाळखोर
सशाचं रक्त! @अनवट, घ्या, शंभर टक्के नैसर्गिक. फक्त १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतोय.

रिकामटेकडा
जावळ आणि जळजळ यावरून आठवलं. २००६ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी हे खोडायला म्हणून ६४ गरोदर बायकांची नोंद ठेवली होती. छातीत जळजळ किती आणि जन्मलेल्या बाळाच्या डोक्यावर केस किती. निघालं उलटंच : जिला जळजळ जास्त, तिच्या बाळाला केस जास्त. तीच संप्रेरकं दोन्हीला कारण असावीत असा त्यांचा अंदाज. आत्रेय हरले, बायका जिंकल्या.

सातवीण
छातीतल्या जळजळीपुरत्या जिंकल्या. पोटाच्या खाजेचा सामना अजून बाकी आहे.

हिरवाचाफा
माझ्या पोटावर मधोमध काळी रेघ आली होती तर आत्याबाईंनी त्यावरून मुलगा की मुलगी तेही सांगून टाकलं होतं. रेघ घालवायला बटाट्याचा रस सांगितला होता. लावला नाही, आपली आपण गेली बाळंतपणानंतर. कुणीतरी केशर दूधही सांगेलच आता, बाळ गोरं होतं म्हणून. दूध प्या, चांगलंच आहे. रंग आईबापाकडून जो यायचा तो येतो.

कोकणकडा
आमच्याकडे (देवगडच्या बाजूला) बाळंतिणीला नि पोटुशीला मुठेल. रातांब्याच्या बियांचं तेल. शहरात त्याला कोकम बटर म्हणून चौपट भाव लावतात. बिया धुऊन, राख चोळून कडक वाळवायच्या. मग फोडून आतला गर वेगळा करायचा, कुटायचा आणि पाण्यात घालून चुलीवर रटरटवायचा. वर तवंग येतो तो पळीने काढून घ्यायचा. निवत आला की घट्ट व्हायला लागतो, तेव्हा हाताने मुठीत दाबून लांबट गोळे करतात. खडूसारखा पांढरट, हातात धरला की कडेने वितळतो. वास जवळजवळ नाहीच, आणि गरोदरपणात हे मोठं सुख, कारण मला तेव्हा खोबरेलाच्या वासानेही उलटी यायची.

मी गोळा तसाच अंगावर फिरवायचे. टाचांना, ओठांना, पोटाला. व्रण आले. खाज मात्र राहिली नाही.

केळफूल
@कोकणकडा, वासाचं अगदी खरं! उटण्यातल्या नागरमोथ्याने मला परवा मळमळलं.
@साधीसुधी डॉक्टर, पुरळ नाही. पोटाला आहे आणि हो, तळव्यांना पण येते कधीकधी. रात्री जास्त वाटते, पण मला वाटलं दिवसभर लक्ष नसतं म्हणून.

साधीसुधी डॉक्टर
उद्याच्या उद्या तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन कर. घाबरायचं नाही, पण पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. एलएफटी, म्हणजे यकृताचं काम बघणारी रक्ततपासणी, आणि रक्तातली पित्ताम्लं, अशा दोन तपासण्या असतात. बहुतेक वेळा खाज कोरडेपणाचीच निघते. पण शेवटच्या तिमाहीत पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज, रात्री जास्त, असं असेल तर पित्त साठून राहण्याचा एक आजार असतो, तो नाही ना हे बघावंच लागतं. त्याला लेप नाही. लघवी गडद होतेय का, डोळे पिवळे दिसतात का, बाळ नेहमीसारखं हलतंय का, याकडे लक्ष ठेव. बाळाची हालचाल कमी वाटली तर उद्याचीही वाट बघू नकोस, सरळ जा.

निशिगंध_पुणे
डॉक्टरांना हज्जार अनुमोदन. मला हे झालं होतं. तळपायांना इतकी खाज की रात्री थंड फरशीवर पाय टेकवून बसायचे. जिथे नाव घातलं होतं तिथे सांगितलं, तर 'गरोदरपणात खाज येतेच, मॉइश्चरायझर लावा' म्हणून परत पाठवलं. घरी सगळ्यांनी तेल-तूप चोळून झालं. शेवटी मावसबहिणीने, ती नर्स आहे, दुसरीकडे नेलं. पित्ताम्लं वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या, दर आठवड्याला रक्त तपासायचे, आणि सदतिसाव्या आठवड्यात कळा आणवून बाळंतपण केलं. लेक ठणठणीत आहे. खाज बाळंतपणानंतर लगेच पळाली. तूप चोळल्याने काही बिघडलं नाही, वेळ मात्र गेला.

मामंजी
पुरुष आयडी, तरी बोलतो. सुनेसाठी शतधौत घृत, म्हणजे शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप, केलं होतं, त्याची कृती विचारली तर सांगीन.

हिरवाचाफा
विचारतोय, सांगा.

मामंजी
घरचं गाईचं साजूक तूप, पातळ नको, कणीदार असावं. तांब्याची परात. तुपाच्या दुप्पट गार पाणी घालायचं आणि तांब्याच्या वाटीच्या बुडाने गोल गोल घोटायचं. सुरुवातीला तूप आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तूप नुसतं पळतं. पाणी ओतून टाकायचं, नवीन घ्यायचं. वीस-पंचवीस पाणी झालं की पिवळेपणा उतरायला लागतो. पन्नाशीनंतर वाटी जड फिरते, कारण तूप पाणी धरायला लागतं नि फुगतं. शंभराव्या पाण्याला पांढरंशुभ्र, बोटाला लावलं तर दिसेनासं होतं, तुपाचा वास नावाला. मोजायला चिंचोके ठेवले होते, आमच्या नातवाने त्यातले काही पळवले, त्यामुळे शंभर की एकशेदहा ते देवालाच माहीत.

सून म्हणाली बरं वाटतं. मला तेवढं पुरे होतं.

टवाळखोर
काका, मिक्सरला बर्फाचं पाणी घालून पाच मिनिटांत होतं असा व्हिडिओ आहे.

मामंजी
मग त्या व्हिडिओवाल्याची सून व्हावं.

निळीशाई
मी सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत काम करते. (कंपनीचं नाव विचारू नका, आणि फुकट सॅम्पलही मागू नका.) काकांची कृती मस्त आहे, फक्त एक जोड देते : त्या तुपात आता पाणी अडकलेलं आहे. पाणी आलं की जंतू आणि बुरशी आले. शिवाय तांबं तुपाला लवकर खवट करतं. त्यामुळे घोटणं तांब्यात, साठवण काचेच्या छोट्या बरणीत, फ्रिजमध्ये, थोडं थोडं, आणि कोरड्या चमच्याने. वास बदलला की फेकायचं.

घरगुती प्रसाधनात घटक बहुतेक वेळा ठीक असतात, साठवण फसते. निव्वळ तेल टिकतं. कोरडं पीठ टिकतं. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, दही, दूध घातलेलं काहीही टिकत नाही, ते वाटीभर करायचं आणि त्याच वेळी संपवायचं. 'प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं घरगुती क्रीम, सहा महिने टिकतं' असं कुणी विकत असेल तर दोन्हींतलं एक खोटं आहे.

कोरफड घेतलीत तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक निथळू द्या, मग गर काढा. चिकाने कातडीला खाज सुटते. आणि गर लावायचाच, गरोदरपणात प्यायचा नाही.

विदर्भकन्या
हळदीचं कोणीच नाही बोललं का हो? आमच्या वर्ध्याकडे वायगावची हळद. साबांची मसुरीची कृती तशी बरी आहे, पण भरड पीठ घासू नको, बारीक वस्त्रगाळ करून घे.

निळीशाई
हळदीबद्दल हो, महत्त्वाचं. पिवळेपणा वाढवायला लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, मिसळल्याची प्रकरणं भारतात आणि बांगलादेशात सापडली आहेत. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. लेपातून फारसं आत शिरत नाही हे खरं, पण तीच हळद आमटीत पडते. म्हणून भगभगीत पॉलिश केलेली हळकुंडं आणि सुटी पूड नको. सांगलीची म्हणा, वायगावची म्हणा, मळकट दिसणारी हळकुंडं ओळखीच्या माणसाकडून घ्या आणि दळून आणा.

अनवट
आता हळदही बंद. श्वास घेतला तर चालेल ना?

विदर्भकन्या
बंद कोण म्हणतंय बाप्पा, दळून आण म्हणतेय.

म्युनिककर
इथे जर्मनीत सुईणबाईने मला बदाम तेल लावून पोटाची कातडी चिमटीत धरून हलके उचलायचा मसाज शिकवला होता. इथे सगळ्या करतात. हिवाळ्यात हीटरने अंग फुटायचं त्याला बरा उपाय. व्रणांचं विचारू नका. आईने पोस्टाने उटणं पाठवलं होतं, कस्टमने पुडी फोडून बघितलेली आणि आतून सगळ्या कपड्यांना दिवाळीचा वास.

हिरवाचाफा
अवांतर : माझी जाऊ मुलतानी मातीचा लेप लावता लावता चाटायला लागली होती. पावसाच्या वासासारखी लागते म्हणे. पाव किलो संपवली.

साधीसुधी डॉक्टर
हे अवांतर नाही. माती, खडू, राख खावीशी वाटणं हे बऱ्याचदा रक्तात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. हिमोग्लोबिन बघून घ्यायचं. आणि मातीत शिसं असू शकतं, ती खायची नाहीच. लावायची म्हटली तरी मुलतानी मातीने आधीच कोरडी कातडी आणखी ओढते.

बाकीचे प्रश्न राहिलेत ते एकदम लिहिते. कापूर : कातडीतून रक्तात जातो आणि वार ओलांडतो. पोटावर रोज चोळायला नको, नुसतं खोबरेल पुरतं. लिंबू : कोरड्या कातडीला झोंबतं, आणि त्याचा रस लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डाग पडतात. वांग घालवायला गेलात आणि डाग घेऊन आलात असं होतं. कडुनिंबाचं तेल, रोझमेरीसारखी उग्र सुवासिक तेलं या काळात लांब ठेवा. पिकल्या पपईचा लेप चेहऱ्याला लावल्याने गर्भाला काही होत नाही, पण कच्च्या पपईचा चीक कातडीला चावतो.

वांगाला घरगुती उपाय खरं तर एकच, टोपी आणि ओढणी. संप्रेरकांनी कातडी तयार केलेली असते, ऊन रंग भरतं. सनस्क्रीन घरी बनत नाही, खोबरेल उन्हापासून वाचवत नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं, शक्यतो कातडीच्या रंगाची छटा असलेलं विकत घ्या. त्यातलं लोहाचं रंगद्रव्य उजेडही अडवतं. रेटिनॉल, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन असलेल्या ट्यूब बाळंतपण होईपर्यंत बंद. आणि लेबल नसलेल्या गोरेपणाच्या क्रीम कधीच नकोत, त्यात पारा सापडतो. बाजारातलं सगळं वाईट नाही आणि घरातलं सगळं चांगलं नाही, बारीक अक्षरं वाचून घाबरण्यापेक्षा मला फोटो पाठवलास तरी चालेल.

अनवट
टोपी आणि ओढणीला माझा पाठिंबा. आजी पण डोक्यावरचा पदर खाली येऊ द्यायची नाही. बहुतेक तेच असणार तिच्या कातडीचं.

टवाळखोर
अनवट डॉक्टरांशी सहमत! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

केळफूल
सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दोन्ही तपासण्या केल्या, सध्या सगळं प्रमाणात आहे. खाज राहिली तर परत करायच्या म्हणाल्या, कारण नंतरही वाढू शकतं. आंघोळीचं पाणी कोमट करायला सांगितलं. मी कढत घ्यायचे.

आईला कापराचं सांगितलं तर म्हणाली, बरं, नुसतं तेल लाव, पण लाव. साबा पीठ वस्त्रगाळ करतायत, हळद वगळून. काकूंचं लिंबू सरबतात गेलं.

@मामंजी, शतधौत घृत आमच्या ह्यांना करायला सांगितलंय, परात आणलीये. @कोकणकडा, मुठेल कुठे मिळेल? इथे दुकानात विचारलं तर माणसाने मला व्हॅसलिन दाखवलं.

कोकणकडा
आता जुनंच मिळेल, रातांबे एप्रिल-मेमध्ये येतात. आमच्या काकूकडे दोन गोळे आहेत, वास घेऊन बघते, खवट नसतील तर पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

निळीशाई
कोपराच्या आत आधी थोडं लावून दोन दिवस थांब, मगच पोटाला.

टवाळखोर
आणि ह्यांना चिंचोके मोजून द्या.